पहाटे 5 ची वेळ ठरवली, 44 दिवसांत 17च दिवस लिहिलं. वेळ बदलू की हट्ट धरू?

खडूचीपूड | 14 जुलै, रात्री 10:20

नमस्कार. प्रश्न एका ओळीचा आहे, पण घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही. जरा सहन करा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माळशिरस तालुका, द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. घरात पाच माणसं: मिस्टरांचं खत-बियाण्यांचं दुकान, मुलगी यंदा दहावीला, मुलगा सहावीला, आणि सासूबाई. त्यांचं मेमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी छोटी गोष्ट कुठेतरी वाचली आणि "31 जुलैपर्यंत एक मोठी कथा द्या" म्हणाले. मला एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं. विषय डोक्यात पाच वर्षांपासून आहे. दिवाळी झाली की आमच्याकडे बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात आणि पोरं आमच्या शाळेत बसायला लागतात. हंगाम संपला की एक दिवस बाक रिकामा. त्यातल्या एका मुलीची गोष्ट. ती धाकट्या भावाला काखेत घेऊन वर्गात यायची आणि तो रडायला लागला की उठून दारात उभी राहून तिथूनच पाढे म्हणायची.

तर 1 जूनपासून ठरवलं: पहाटे 5 ते 6, स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारच्या स्टुलावर, दोनशे पानी वही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करायची. (त्याच कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो. जूनअखेर मिस्टरांनी माझ्या खुणा जादा अर्ध्या लिटरच्या धरल्या आणि तेवढे पैसे देऊन टाकले. दूधवाला भला माणूस, स्वतःच परत घेऊन आला.)

आता हिशेब. आज 14 जुलै, म्हणजे 44 दिवस. खुणा 17.

बाकीचे 27 कुठे गेले? नळाला पाणी चार दिवसांआड येतं, पहाटे साडेचार ते सहाच्या मध्ये कधीही, आणि जेमतेम चाळीस मिनिटं. आधी पिण्याचं, मग टाकी, मग बॅरल. त्यात आळीतल्या सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की आमच्या नळाची धार करंगळीएवढी होते. त्या दिवशी वही उघडण्याचा प्रश्नच नाही. वारीचे चार दिवस वेगळे. आमचं घर पालखीच्या वाटेवर आहे, एक दिंडी सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या अंगणात उतरते. साठ माणसांचं पिठलं-भाकरी होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते चार दिवस मला कुणी लिहायला बसवलं असतं तरी मी बसले नसते. शाळा सुरू झाल्यावर "ही माहिती आजच भरा" चे मेसेज. मतदार यादीचं काम. मुलाला ताप.

पण खरा घोटाळा वेगळाच आहे. ज्या दिवशी काहीच आडवं येत नाही, त्या दिवशी दिवा आडवा येतो. स्वयंपाकघरात दिवा लागला की घराला वाटतं मी मोकळी आहे. सासूबाई आतून हाक मारतात, "जागीच आहेस ना गं? ड्रॉप घालतेस?" मिस्टर उठून विचारतात, "चहा टाकलाच आहेस तर..." मी चहा टाकलेला नसतो. मुलगी येते, "आई, उठलीच आहेस तर वेणी घालून दे." तिन्ही वाक्यांत ते "च" असतं बघा.

तर प्रश्न: पहाटेचा हट्ट सोडून रात्रीची वेळ धरू का? रात्री 10 नंतर घर शांत असतं, पण मीही शांत झालेली असते. की पहाटच चालू ठेवू?

---

स्पष्टवक्ता | 14 जुलै, रात्री 11:05

राग मानू नका, पण ही सगळी कारणं आहेत. ज्याला लिहायचं असतं तो लिहितो. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्ट खात्यात नोकरी करायचा. रोज पहाटे साडेपाचला टेबलापाशी, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना 250 शब्द, आणि मग ऑफिस. अशा चाळीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या त्याने. शिस्त म्हणजे शिस्त.

---

खडूचीपूड | 14 जुलै, रात्री 11:20

ट्रोलपसाहेबांना पाणी कोण भरत होतं?

---

मुद्रितशोधक | 15 जुलै, सकाळी 9:40

ते माहीत नाही, पण उठवायला आणि कॉफी आणायला एक म्हातारा नोकर होता. त्या कामाचे त्याला वर्षाला 5 पौंड जास्तीचे मिळत. ट्रोलपनेच आत्मचरित्रात कबूल केलंय, आणि आपल्या यशाचं श्रेय त्या म्हाताऱ्याला दिलंय. स्पष्टवक्ते ही बाजू सांगायला विसरले.

बाई, मी एकोणीस वर्षं दिवाळी अंकांची प्रुफं तपासतोय. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून लेखक लोक उशीर करत आलेत, त्यामुळे 31 जुलै या तारखेने एवढं घाबरू नका. संपादक ती तारीख पोटात थोडी जागा ठेवूनच सांगतात. मात्र आधी कळवणारा लेखक आणि फोन न उचलणारा लेखक यांत आम्ही फरक करतो. आणखी एक: वहीच्या पानांचे फोटो काढून पाठवू नका. युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, दहावीतल्या मुलीला सांगितलं तर ती एका रविवारी करून देईल.

आता तुमचा हिशेब मी पुन्हा मांडतो. दोनशे पानी वहीचं एक पान म्हणजे हाताने लिहिलेले साधारण 180 शब्द. तासाभरात एक पान तरी होत असेलच. 17 गुणिले 180 म्हणजे 3060. दिवाळी अंकातली कथा तीन-चार हजार शब्दांची असली तरी चालते. म्हणजे त्या 17 दिवसांतच तुमचा कच्चा खर्डा होत आला असायला हवा होता.

झालाय का? नसेल तर ती सतरा पानं गेली कुठे? 27 दिवसांचं राहू द्या, मला या 17 दिवसांची उत्सुकता आहे.

---

वेबिल | 15 जुलै, दुपारी 1:15

ताई, मी एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. सातारा विभाग. 31 वर्षं सर्व्हिस.

माझं सगळं लिखाण वस्तीच्या गाडीवर झालं. वस्तीची गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावाला मुक्कामी जाते आणि पहाटे तिथून निघते ती. गाडी देवळापाशी लावायची, ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर आडवा, पाच मिनिटांत घोरायला लागायचा. मी माझ्या सीटवर, गुडघ्यावर पुठ्ठा, बॅटरी तिकिटाच्या पेटीला टेकवलेली. दिवसाची कॅश जुळली की मगच लिहायला घ्यायचं, कारण पाच रुपये कमी भरले तरी डोकं तिकडंच. कोरे कागद नसले तर जुन्या फॉर्मांच्या पाठीवर. महिन्यात आठ-दहा वस्त्या लागायच्या, तेवढेच दिवस. पण दोन वगनाट्यं आणि ढीगभर आठवणी त्यातच झाल्या.

मग रिटायर झालो. पोरानं टेबल घेऊन दिलं, खुर्ची घेऊन दिली, वर पंखा. बायको म्हणाली, आता कुणी उठवणार नाही, लिहा. दोन वर्षं एक ओळ लिहिली नाही. रोज पेपर वाचायचा, शब्दकोडं सोडवायचं, आणि आज मूड नाही म्हणायचं.

म्हणून सांगतो, वेळ रिकामी मिळाली म्हणजे लिखाण होतं या भ्रमात राहू नका. आणि घड्याळावर जाऊ नका. आमच्या गाडीला टाइमटेबल असतं, पण गाडी वेळेवर सुटली का हे फक्त डेपोत बघतात. गावातली म्हातारी फक्त एवढं बघते की गाडी आली का. उशिरा आली तरी ती चढते.

---

खडूचीपूड | 15 जुलै, रात्री 9:50

वेबिल काका, गाडी रद्दही होते की! आमच्या गावची दुपारची किती वेळा झालीय. पण टेबल-खुर्चीचं वाचून बरं वाटलं. मला सारखं वाटायचं की वेगळी खोली असती तर माझी कादंबरी झाली असती.

मुद्रितशोधक, तुम्ही नेमकं नको तिथे बोट ठेवलंत. वही आत्ता समोर आहे. खरं सांगते.

पहिलं पान नऊ वेळा लिहिलंय. नऊ. मुलगी भावाला काखेत घेऊन शाळेच्या फाटकातून आत येते. एकदा धुक्यातून येते, एकदा उन्हातून. एकदा तिच्या पायात मोठ्या माणसाची चप्पल आहे, एकदा ती अनवाणी आहे. दुसरं पान चार वेळा. तिसरं दोनदा. चौथं आणि पाचवं एकेकदा. झाली सतरा.

कारण असं की मध्ये तीन-चार दिवस गेले की मला ती मुलगी परकी वाटायला लागते. मग मी मागे जाऊन पहिल्यापासून वाचते, वाचताना आवडत नाही, म्हणून पुन्हा लिहिते. तेवढ्यात सहा वाजतात. रेल्वे फाटक उघडेपर्यंत गाडीचं इंजिन बंद करून बसावं आणि फाटक उघडल्यावर इंजिनच सुरू होऊ नये, तसं.

---

बदलापूर_7_52 | 16 जुलै, सकाळी 8:31

आत्ता कल्याणला गाडी उभी आहे, पटकन लिहितो. फोनवर बोलून टाइप करा. मराठी बऱ्यापैकी समजतं त्याला. फक्त विरामचिन्हं येत नाहीत आणि माझ्या "म्हातारी"चं एकदा "महाबळेश्वरी" झालं होतं. भाकरी थापताना बोलता येईल तुम्हाला. मी स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करतो, रात्री घरी उतरवून घेतो. डब्यात लोक बघतात, दोन दिवस बघतात, मग सोडून देतात.

---

नाइटड्युटी | 16 जुलै, दुपारी 4:05

मी स्टाफ नर्स आहे, नाव-गाव राहू द्या. तीन पाळ्या: मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट. आठवड्याला पाळी बदलते, त्यामुळे "रोज अमुक वाजता" हा सल्ला देणाऱ्यांचं मी मनावर घेणं केव्हाच सोडलंय. तरी लिहिते. कविता नाही, वॉर्डातल्या गोष्टी.

तुमचं वेळेचं दुखणं नाहीये, बाई. तुमच्याकडे ओव्हर नाहीये.

आमच्याकडे ड्युटी संपली म्हणून कुणी उठून घरी जात नाही. पुढच्या सिस्टरला ओव्हर द्यावा लागतो. बेड नंबर 4, सलाईन चालू आहे, साडेआठला संपेल, पुढची लावायची. बेड 7, रात्रभर झोपले नाहीत, रिपोर्ट यायचाय. बेड 11, मुलगा बाहेर बसलाय, त्याच्याशी डॉक्टरांनी बोलायचंय. बेड 4 चा पेशंट कधी ॲडमिट झाला, लहानपणी त्याला काय झालं होतं, हे सांगत बसत नाही. ते केसपेपरात आहे. पुढचीला एवढंच कळायला हवं की आल्या आल्या पहिला हात कशाला लावायचा.

तुम्ही वही बंद करताना उद्याच्या स्वतःला ओव्हर देत नाही. म्हणून उद्याची सिस्टर येते आणि बेड 1 पासून सगळ्या पेशंटांची हिस्ट्री घ्यायला लागते. तोवर सलाईन संपलेलं असतं.

मी काय करते ते सांगते. उठायच्या आधी, हाक आली तरी "आले" म्हणून, तीन ओळी लिहिते. कुठे थांबले. पुढे लगेच काय घडणार आहे. आणि काय अजून ठरलेलं नाही. साध्या भाषेत, साहित्य करायचं नाही. शक्य असेल तर वाक्य अर्धं सोडते. पुढच्या वेळी, मग ती पहाट असो नाहीतर दुपारी अडीच, फक्त ओव्हर वाचते आणि ते अर्धं वाक्य पुरं करते. मागची पानं वाचायची नाहीत. मला स्वतःला हे पाळायला खूप जड गेलं. शेवटी मागच्या पानांना स्टेपलर मारला.

आणि काही चुकलंय असं मध्येच आठवलं तर तेही ओव्हरमध्ये: "पान 3, चप्पल की अनवाणी ते बघ." मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही. ऑपरेशन चालू असताना कुणी चादरी बदलत नाही.

रात्र की पहाट याचं उत्तर: जे मिळेल ते. पंधरा मिनिटंसुद्धा चालतात, फक्त शेवटची दोन ओव्हरला.

---

स्पष्टवक्ता | 16 जुलै, सायंकाळी 6:30

हे चांगलं आहे. माझं मघाचं थोडं जास्त झालं. मी स्वतः दोन वर्षांत काही लिहिलेलं नाही, हेही सांगून टाकतो.

---

वेबिल | 16 जुलै, रात्री 8:10

सिस्टर, आमच्यात पण असंच. ड्युटी बदलताना पुढच्या कंडक्टरला सांगायचं, तिसऱ्या सीटवरच्या आजीला वळणावर उतरवा, तिला कमी ऐकू येतं. तिची सगळी कहाणी नाही सांगायची. पण हे लिखाणाला लावायचं माझ्या डोक्यात एकतीस वर्षांत आलं नाही बघा.

स्पष्टवक्ते, माझ्याकडे टेबल-खुर्ची पडून आहे, पाहिजे तर घेऊन जा.

---

खडूचीपूड | 29 जुलै, रात्री 9:30

सगळ्यांना नमस्कार. चौदा दिवसांनी येतेय. काय झालं ते सांगायला हवं.

पहिली गोष्ट, कथा पूर्ण झालेली नाही. संपादकांना 20 तारखेलाच कळवलं, 10 ऑगस्टपर्यंत देते म्हणून. ते म्हणाले, "बरं झालं आधी सांगितलंत." मुद्रितशोधक, आभार.

दुसरी, स्टेपलर मारला. पहिली पाच पानं बंद. पहिल्या दिवशी हात शिवशिवत होते. त्या पिना काढायला भाजी चिरायची सुरीसुद्धा घेतली होती, मग ठेवून दिली. कॅलेंडरवरच्या खुणा थांबवल्या, आता दुधाचा हिशेब स्वच्छ आहे. पाणी आलं त्या दिवशी टाकी भरेपर्यंत मोटारीजवळ उभी राहून सात ओळी लिहिल्या. मोटारीवर लक्ष ठेवावंच लागतं, कोरडी फिरली तर जळते. शाळेत एकदा मधल्या सुट्टीत, खिचडीची चव घेऊन झाल्यावर, चार ओळी. रात्री फक्त एकदा जमलं. बोलून टाइप करायचा प्रयत्न केला. भाकरी थापताना नाही जमलं, परातीच्या आवाजात त्याला काहीच कळेना. तरी आज पान 14 वर आहे.

पण सांगायची गोष्ट ही नाही. ओव्हर मी वहीत न लिहिता एका चिठ्ठीवर लिहायला लागले आणि ती फ्रिजला चुंबकाने लावायला लागले, म्हणजे पहाटे शोधावी लागत नाही. गेल्या मंगळवारची चिठ्ठी अशी होती: "मुकादम कोपीपाशी येऊन उचलीचे पैसे मागतो. बाप गप्प. उद्या: रुक्मीला शाळेतून काढायचं की नाही ते ठरव." (मुकादम म्हणजे टोळी आणणारा, उचल म्हणजे त्याने हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम. रुक्मी ही माझ्या गोष्टीतली मुलगी.)

दुपारी शाळेत मिस्टरांचा फोन. "अगं, आई जेवेना झालीय. म्हणतेय, सूनबाई कुठल्या पोरीला शाळेतून काढायला निघालीय?" सासूबाईंचा तो डोळा आता चांगला दिसायला लागलाय, आणि घरात वाचायला पहिली सापडली ती माझी चिठ्ठी.

संध्याकाळी त्यांना समजावलं, ती खरी पोरगी नाही, गोष्टीतली आहे. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नसू दे खरी. तरी काढू नकोस." मी म्हटलं, बघते. त्यावर, "बघते काय? बापाला बोलायला लाव. गप्प काय बसलाय तो?"

तेव्हापासून पहाटे दिवा लागला की आतून हाक येतेच, फक्त ड्रॉपची नाही. ड्रॉप त्यांचे आता दोनच वेळा राहिलेत आणि ते मुलगी घालते. हाक येते, "त्या पोरीचं काय झालं?" तासातली दहा मिनिटं आता यात जातात, म्हणजे व्यत्यय आहे तो आहेच. काल मी त्यांना टोळी फड तोडते तो भाग वाचून दाखवला. पान 14 वरचा, मागचा नाही, नाइटड्युटी, शपथ. त्यात बाप मोळी बांधताना सुतळीला गाठ मारतो असं वाक्य होतं, आणि पुढे म्हटलं होतं, पान 6 वर रुक्मी खेळत होती तीच ही सुतळी.

सासूबाईंनी हात वर करून थांबवलं. त्या लग्नाआधी माहेरच्या शेतात ऊस तोडायला जायच्या, हे मला लग्नाच्या सतरा वर्षांत माहीत नव्हतं. म्हणाल्या, "मोळीला सुतळी कुठली गं? वाढ्यानंच बांधायची. दोन वाढी घ्यायची, शेंड्याला असा पीळ द्यायचा." (वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याकडचा हिरवा पाला.) आणि पदराचं टोक घेऊन पीळ कसा द्यायचा ते दाखवलं, दोनदा.

पान 6 ला अजून हात लावलेला नाही. आत्ता फ्रिजवर चिठ्ठी आहे: "रुक्मी फडातून शाळेची घंटा ऐकते. पुढे काय ते माहीत नाही. पान 6, सुतळी काढ, वाढं घाल. पीळ कसा ते आईंना परत विचार."

उद्या पाण्याचा दिवस आहे, झोपते.